काळ्या लेअरखालचा डाळिंबी ठिपका

माझ्या हातून आयुष्यात जे काही बिघडलं, ते बहुतेक पुसताना बिघडलं. काढताना फारसं नाही. शाळेत चित्रकलेच्या तासाला खोडरबर हरवला की मी बोट जिभेला लावून रेघ पुसायचो आणि कागदाला भोक पाडायचो. मास्तर वही उजेडाकडे धरायचे आणि त्या भोकातून माझ्याकडे बघायचे. पुढे मी फ्लेक्सवाला झालो आणि भोकं मोठी होत गेली. नाशिकच्या इंदिरानगरात माझं बॅनर छापायचं दुकान आहे, त्याला वीस-बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात मी एका नवरीचं नाक साफ करताना अर्धं नेलंय, आणि एका होतकरू पुढाऱ्याच्या जोडलेल्या हातांतली दोन बोटं घालवलीत. ती गेलेली त्याच्या कार्यकर्त्यांच्याही लक्षात आली नाहीत, पण मला तो चौक ओलांडताना दर वेळी दिसायची.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांना एक गोष्ट आधी सांगायला हवी. आम्ही स्क्रीनवर चित्र करतो ते एकाच कागदावर करत नाही. एकावर एक काचा ठेवाव्यात तसे थर असतात, त्यांना लेअर म्हणतात. एका लेअरवर फोटो, दुसऱ्यावर अक्षरं, तिसऱ्यावर हार, चौथ्यावर फुगे. नको तो लेअर लपवायचा. लपवला म्हणजे तो गेला असं नाही, आत बसून राहतो. तर एका व्यापाऱ्याच्या वाढदिवसाचं बॅनर मी केलं होतं. पुढच्याच वर्षी तो बिचारा गेला. फोटो तोच चांगला होता, म्हणून मी तीच फाईल उघडली, शुभेच्छा पुसल्या, श्रद्धांजली लिहिली आणि फुगे लपवले. छापायच्या आधी कुठेतरी बोट लागलं. दहाव्याच्या सकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, बॅनर बांधलं गेलं, तेव्हा 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या दोन्ही अंगांना लाल-पिवळे फुगे हसत होते.

ही गोष्ट सटाण्यामार्गे नामपूरला माझ्याआधी पोचली. नामपूर आमचं गाव. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. कांदा लावायचे, नंतर नंतर डाळिंबही. लिलावात पुकारा करणाऱ्यापेक्षा दादांचा आवाज वर असायचा. मी चित्रं काढतो हे त्यांना कधी पटलं नव्हतं. पारावर चार माणसांत मला पुढे घालून ते म्हणाले, "हाऊ मरेल माणूसले बड्डेना फुगा लावस." मेलेल्या माणसाला वाढदिवसाचे फुगे लावणारा, ही माझी गावातली ओळख पुढची कित्येक वर्षं टिकली. मीही हसायचो. न हसून करतो काय.

दोन वर्षांपूर्वी दादांना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत राहिला, आणि तो आवाज गेला. बोलणं पूर्ण गेलं असतं तर एक वेळ सवय झाली असती. पण एक शब्द राहिला. बरं. डॉक्टर म्हणाले असं होतं कधीकधी, एखादा शब्द उरतो. ज्या माणसाच्या तोंडात अहिराणीतल्या शंभर शिव्या तयार असायच्या, त्याच्याकडे एक बरं राहिलं. भूक लागली तरी बरं, चहा गार झाला तरी बरं, मी दिसलो की तर फारच लांबलचक बरं. मला त्यात फुगे ऐकू यायचे.

उपचारासाठी आम्ही त्यांना नाशिकला आणलं. माय बरोबर आली. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, पण लिफ्ट आहे, आणि बाल्कनीतून सकाळी ऊन येतं. फिजिओथेरपीच्या बाई दिवसाआड यायच्या. त्यांनी सांगितलं, डाव्या हाताची बोटं तरी चालती ठेवा, ताटात पीठ पसरून त्यात रेघा ओढायला द्या. मायनं परातीत बाजरीचं पीठ पसरलं. दादांनी एकदा परातीकडे बघितलं, एकदा आमच्याकडे, आणि कोपरानं परात ढकलून दिली. घरभर पीठ झालं. मायनं पीठ गोळा केलं, चाळलं आणि दुपारी त्याच्या भाकरी केल्या.

मग मी माझी अक्कल चालवली. माझ्याकडे चित्र काढायचा टॅब आहे. मी त्यावर पांढरा कागद उघडला आणि दादांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, दादा, बोटानं काढा काहीतरी. त्यांनी डावं बोट टेकवलं. काळी रेघ निघाली, ती थरथरत गेली आणि वाकडी होऊन थांबली. पांढऱ्यावर काळं असलं की बोटाचा थरकाप लपत नाही. कुणीतरी त्यांच्या आजाराचा दाखला लिहून दिल्यासारखी ती रेघ दिसत होती. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. बरं.

दोन दिवस मी टॅब त्यांच्यासमोर नेला नाही. दुकानात एका मंडळाचं बॅनर करत होतो, त्यात अक्षरं अंधारातून उजळल्यासारखी हवी होती. त्याची एक जुनी युक्ती आहे. खालच्या लेअरवर रंग भरायचे, कसेही, ढगांसारखे एकमेकांत मिसळलेले. त्याच्यावर दुसरा लेअर घ्यायचा आणि तो पूर्ण काळा करायचा. मग खोडरबर घ्यायचा, मऊ कडांचा, आणि काळं पुसत जायचं. जिथे पुसलं तिथे खालचा रंग उजळतो. हलक्या हातानं एकदा फिरवला तर पहाटेइतकाच फिका दिसतो, त्याच जागी पुन्हा फिरवला तर भर दुपार होते. रेघ ओढावी लागत नाही. थरथर झाली तरी ती कडेच्या मऊपणात मुरून जाते, उलट शोभते. बॅनर करता करता माझा हात थांबला. आयुष्यात पहिल्यांदा मला योग्य वेळी योग्य गोष्ट सुचली होती, आणि तेवढ्याचाच मला अजून गर्व आहे.

घरी येऊन मी रंग भरले. वर केशरी-पिवळा, मध्ये हिरवा, खाली मातीचा. रंगाचा फवारा तपासताना डाळिंबी रंगाचे तीन डाग सांडले, दोन वरच्या भागात, एक उजवीकडे खाली. ते पुसायचा कंटाळा केला. वर काळा लेअर घातला, खोडरबर मोठा करून ठेवला आणि सकाळी चहानंतर टॅब दादांच्या मांडीवर दिला. काही सांगितलं नाही. त्यांनी नाखुशीनं बोट फिरवलं. काळ्यातून पिवळं आलं.

दादांनी बोट उचलून डोळ्यांसमोर धरलं. रंग लागला का ते बघितलं. मग ते पायजम्याला पुसलं आणि पुन्हा टेकवलं.

त्या दिवसापासून आमच्या घराची सकाळ बदलली. मी दुकानात जायच्या आधी टॅब चार्ज करून, खोडरबर निवडून, काळाच लेअर धरलाय ना हे दोनदा तपासून त्यांच्याकडे द्यायचो. हे तपासणं महत्त्वाचं असतं. चुकून खालच्या लेअरवर खोडलं तर रंगच निघून जातात, आणि वरून काही दिसतही नाही. मी स्वतः ही चूक शेकडो वेळा केलीय, दादांना एकदाही करू दिली नाही. ते दिवसाला थोडंच पुसायचे, पाच मिनिटं, फार तर दहा. पंधरवड्यात काळ्यात आडव्या फटी दिसायला लागल्या. मला आधी वाटलं खिडकी असेल. मायनं बघितलं आणि म्हणाली, कांदे साठवायची चाळ आहे, एवढंही ओळखता येत नाही का तुला. मग विहीर आली, मग बांध. विहिरीत पाणी पिवळं होतं कारण तिथे खाली पिवळा रंग होता, पण दादांना त्याचं काही वाटलं नाही. मीही म्हटलं, ऊन पडलं असेल.

वरच्या कोपऱ्याशी, बांध संपतो तिथे, एक ठिपका होता. बोटाच्या पेराएवढा, डाळिंबी. तो रेघेत नव्हता, कशाचा भाग नव्हता. दादा रोज काम संपलं की त्या ठिपक्यावर बोट टेकवायचे, एकदाच, आणि बरं म्हणायचे. मला वाटायचं, दुकान बंद करताना मी जसा शटरच्या कुलपाला हात लावून बघतो तसं काहीतरी असेल. त्या वेळी माय बहुतेक चहाचा दुसरा कप घेऊन आलेली असायची.

एकदा मी म्हटलं, "दादा, आता बास. फार पुसलं तर सगळंच उजळून जाईल, चित्र राहणार नाही." ते हसले. त्यांचं हसू आता तोंडाच्या एकाच बाजूला यायचं, दुसरी बाजू बघत बसायची. त्यांनी माझ्या गालावर तेच बोट फिरवलं, खोडरबरासारखं. या माणसानं माझ्या गालाला यापूर्वी बोट लावलं होतं ते पाचही बोटं मिळून.

माय म्हणायची, हे पुरं झालं की मोठं छाप, मी नामपूरच्या घरात लावते. मी म्हणायचो, होऊ दे पुरं. गिऱ्हाईकाच्या सडक्या बॅनरच्याही मी तीन-तीन प्रती ठेवतो, दुकानात, घरी, पेनड्राईव्हवर. दादांच्या चित्राची एकही ठेवली नाही. फोनवर साधा फोटोसुद्धा काढला नाही. पुरं झाल्यावर काढू, असं वाटत राहिलं. ते कधी पुरं झालं असतं, कुणाला माहीत.

दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी दादा गेले. सकाळीच गेले. चहा अर्धा राहिला होता.

दहाव्याचं बॅनर कोण करणार, हा प्रश्नच नव्हता. फ्लेक्सवाल्याच्या बापाचं बॅनर दुसऱ्याकडून करून घेतलं तर लोक हसले असते. मी दुकानात बसलो. फोटो निवडला, पागोट्यातला, शेजारच्या एका लग्नातला. मग वाटलं, मागे दादांचं चित्र टाकू. चाळ, विहीर, बांध. गाव बघेल. फुग्यांची गोष्ट सांगणारे बघतील की या माणसानं शेवटी स्वतः चित्र काढलं होतं. मी टॅबवर फाईल उघडली. टॅबची जागा संपत आली होती, तो सारखा तसं सांगत होता. धाकट्या भावाचा फोन चालू होता, तो विचारत होता की फोटोखाली नाव कसं टाकायचं, पागोटं नीट दिसतंय का. मी हो हो म्हणत होतो.

बाजूला लेअरची यादी होती. दोनच लेअर. नखाएवढ्या चौकोनात एक दिसत होता काळाकुट्ट, दुसरा रंगीत. इथे माझा हात माझ्याआधी पुढे गेला. वीस वर्षं गिऱ्हाईक माझ्या खुर्चीमागे उभं राहून एकच वाक्य बोलतंय, भाऊ, मागचं बॅकग्राउंड उडवा. काळं म्हणजे बॅकग्राउंड, रंगीत म्हणजे चित्र. मी काळा लेअर धरला आणि उडवला.

दादांनी कधी काही काढलंच नव्हतं. त्यांनी फक्त पुसलं होतं. त्यांचं जे काही होतं, ते त्या काळ्या लेअरमधली भोकं होती, आणि मी भोकांसकट कापड फेकून दिलं.

स्क्रीन एकदम उजळली. अंधाऱ्या खोलीत कुणी बटण दाबावं तशी. केशरी, हिरवा, मातकट, आणि तीन डाळिंबी डाग. मी काही सेकंद बघत राहिलो, मला वाटलं चित्र आत्ता येईल. फोनवर भाऊ म्हणाला, "ऐकतोयस ना?" मी म्हटलं ऐकतोय. मग केलेलं परत घ्यायचं बटण दाबायला बोट नेलं, आणि त्याच क्षणी जागा संपली म्हणून ते ॲप आपोआप बंद पडलं. पुन्हा उघडलं तेव्हा त्यानं माझा शेवटचा पराक्रम इमानदारीनं जपून ठेवला होता आणि त्याआधीचं सगळं विसरलं होतं. मी जे जे माहीत होतं ते ते करून बघितलं. ओळखीच्या दोघांना विचारलं. दोघांनीही आधी हेच विचारलं की कॉपी असेल ना तुझ्याकडे, तू तर या धंद्यातला.

बॅनर साधं केलं. मागे पांढरं. गंगेवर एकानं हळूच विचारलं, "या वेळी फुगे नाहीत का?" तो जुना मित्र होता, मला हसवायला म्हणाला होता. मी हसलो आणि तिथून मला उठून नदीच्या कडेला जावं लागलं.

तेरावं झाल्यावर माय भावाकडे नामपूरला राहायला गेली. जाताना म्हणाली, चित्र छापून आण. मी हो म्हटलं. पुढचे चार महिने मी तिला फोनवर जे सांगितलं त्याची यादी केली तर माझ्या दुकानाचं नाव खराब होईल. शाई संपली. मशिनचं हेड चोक झालं. फ्रेमवाला गावाला गेला. लग्नसराई आहे. चाळीस फुटांचा पुढारी एका तासात छापणारा मी, मला दोन फुटांचं चित्र चार महिने छापता येत नव्हतं. माय प्रत्येक वेळी बरं म्हणायची. दादांचं बरं तिच्याकडे गेलं होतं.

खरं सांगायचा धीर झाला नाही. म्हणून मी सगळ्यात मूर्ख मार्ग निवडला. चित्र पुन्हा करायचं ठरवलं. रंगांचा लेअर तर होताच, तोच, दादांच्या बोटाखाली होता तो. वर नवा काळा घातला आणि आठवून पुसायला लागलो. पहिलं फारच सुंदर झालं. चाळीच्या फटी सरळ, विहीर गोल. बॅनरवाल्याची विहीर. ते मी फेकलं. दुसऱ्या वेळी डावं बोट घेतलं, तरी वळणं माझीच येत होती. मग दुपारी शटर अर्धं खाली ओढून मी डावा हात मांडीखाली घेऊन बसलो, तो बधिर होईपर्यंत. मुंग्या आल्या की पटकन काढून पुसायचं, मुंग्या गेल्या की पुन्हा हातावर बसायचं. समोरच्या चहावाल्यानं वाकून आत बघितलं आणि विचारलं, "मूळव्याध काय, शेठ?" मी म्हटलं हो. पाच-सहा दुपारी अशा बसून काढल्या, तेव्हा कुठे ती थरथर जमली. बापाचा लकवा मी नक्कल करून घेतला. हे लिहिताना मला जेवढी लाज वाटतेय तेवढी तेव्हा वाटली नव्हती, तेव्हा मी खूश होतो.

वरच्या कोपऱ्यातला ठिपका मला आठवत होता. पण तो कशाचाच भाग नव्हता, चुकून लागलेला वाटला असता, फ्रेममध्ये वाईट दिसला असता. मी तो घेतला नाही. मागचं साफ करायची सवय.

फ्रेम करून मी नामपूरला गेलो. माय ओसरीत लसूण सोलत बसली होती. तिनं हात पदराला पुसले, चष्मा लावला, फ्रेम मांडीवर घेतली, अगदी दादा टॅब घ्यायचे तशी. बराच वेळ बघितलं. चाळीवरून बोट फिरवलं, विहिरीवरून फिरवलं. मला वाटलं, पास झालो. मग तिचं बोट वरच्या कोपऱ्यात गेलं आणि काळ्या काचेवर इकडे तिकडे हिंडलं, चष्मा हरवला की ती उशीखाली चाचपते तसं.

"मी कोठे शे यामा?" तिनं विचारलं.

मला कळलं नाही. मी कुठे आहे यात, असं ती विचारत होती, आणि मी खुळ्यासारखं विचारलं की तू कुठे होतीस. तिनं माझ्याकडे बघितलं. मग लसणाच्या पाकळ्यांकडे बघत, हळू आवाजात, लग्न होऊन वर्षसुद्धा न झालेल्या बाईनं सांगावं तसं तिनं सांगितलं. ती भाकर घेऊन शेतात यायची तेव्हा बांधाच्या टोकाला आली की दादांना आधी दिसायची. काही बोलायचे नाहीत, हातातलं काम ठेवायचे. त्या बांधाच्या टोकाला त्यांनी तिला काढलं होतं. बोट लावलं तेव्हा डाळिंबी रंग निघाला आणि ते तिच्याकडे बघून हसले, कारण तिचं तसलं लुगडं कधी नव्हतं, तिनं मागितलं होतं आणि राहून गेलं होतं. रोज तिनं चहा आणला की ते तिथे बोट ठेवायचे.

"त्यास्नी माले काढेल व्हतं," माय म्हणाली. आणि मग फ्रेमकडे बघून, "हाई तू काढेल शे." तिला त्यांनी काढलं होतं, आणि हे मी काढलं होतं.

मी सगळं सांगितलं. फोन, भाऊ, काळा लेअर, बॅकग्राउंड, मांडीखालचा हात. सांगताना नेहमीच्या सवयीनं मी त्यात दोन विनोदही केले. ती हसली नाही. रागावलीही नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला नाही, चूल पेटल्याचा नाही. दादांच्या जाण्याला चार महिने झाले होते, सगळे दिवस झाले होते, आणि मी ओसरीत बसून ऐकत होतो की ती आत्ता, आज, नव्यानं रडते आहे. यावर पुसायला माझ्याकडे काही नव्हतं.

बऱ्याच वेळानं बाहेर आली. म्हणाली, "काय उरनं ते दखाड."

मी टॅब काढला आणि उरलं होतं ते दाखवलं, नुसते रंग. तिला समजावलं की दादांच्या बोटाखाली हेच होतं, यातला एकही रंग हललेला नाही, फक्त त्यांनी कुठे कुठे उघडलं ते गेलं. तिनं ते माझ्यापेक्षा लवकर समजून घेतलं. डाळिंबी कुठे आहे विचारलं. वरच्या भागात दोन डाग होते. तिनं डावीकडचा सोडला, उजवीकडच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली इथे, बांध इथे संपायचा. मी त्यावर काळा लेअर घातला. सगळं अंधारलं, पण तिनं बोट उचललं नव्हतं.

खोडरबर देऊन म्हटलं, आता फिरव. तिनं फिरवलं, काही झालं नाही. पन्नास वर्षं कांदा कापलेल्या, निंदलेल्या बोटाचं पेर इतकं सुकलेलं होतं की काचेला ते बोट वाटतच नव्हतं. पुन्हा फिरवलं, पुन्हा काही नाही. मी म्हटलं, माय, मी करू का? तिनं माझा हात बाजूला केला. बोट जिभेला लावलं, शाळेत मी लावायचो तसं, आणि टेकवलं.

केशरी आलं. जागा जराशी चुकली होती. मी म्हटलं, हे परत घेता येतं, पुसल्याचंही पुसता येतं. ती नको म्हणाली. पुन्हा बोट ओलं केलं, दोन पेरं उजवीकडे टेकवलं. डाळिंबी.

मी वाट बघत होतो की ती आता चाळ उघडेल, विहीर उघडेल. तिनं टॅब माझ्याकडे दिला. एवढंच छाप, म्हणाली.

ते मी दुसऱ्याच दिवशी छापलं. शाई होती, हेड चोक नव्हतं, फ्रेमवाला गावातच होता. दोन फुटांची काळी फ्रेम आणि तिच्या कोपऱ्यात दोन ठिपके, एक केशरी, एक डाळिंबी. नामपूरचे लोक घरात आले की बघतात आणि विचारतात की फ्लेक्सवाल्याच्या घरात शाई अशी सांडली कशी. मी सांगतो, मशिन खराब होतं. माझी नक्कल मायनं टाकली नाही, गव्हाच्या कोठीवर झाकण म्हणून ठेवली आहे. मापात बसली.

परवा वर्षश्राद्धाला गेलो होतो. पाहुणे यायच्या आधी ओसरी झाडून घेतली, पाट मांडले, मग भिंतीवरच्या फ्रेमकडे लक्ष गेलं. सगळी काच स्वच्छ होती, फक्त वरच्या उजव्या कोपऱ्यात, डाळिंबी ठिपक्यावर, बोटाएवढा तेलकट डाग होता. रोजचा, एकावर एक चढलेला. मी जवळ जाऊन उभा राहिलो. हातात रुमाल आला होता, खिशातून कधी काढला ते कळलं नाही. आतून माय चहाचा कप घेऊन आली आणि दारात थांबली.

मी रुमाल घडी करून खिशात ठेवला.